अंतःश्वसनी वेदनाशमन

वेदनाशामक वायू अथवा बाष्पनशील द्रवाचे बाष्प साधनाच्या मदतीने श्वासावाटे फुप्फुसांत पोहोचवून, रुग्णाची शुद्ध न हरपता, त्याची वेदना कमी करण्याच्या पद्धतीस अंतःश्वसनी वेदनाशमन म्हणतात. प्रसूतीच्या कळा, अस्थिभंग, निखळलेला सांधा बसविणे, भाजलेल्या जखमांची मलमपट्टी, दातांवरील उपचार आणि जखमी व्यक्तीस रुग्णालयात हलविताना होणारा त्रास अशा तीव्र, पण अल्पकाळ टिकणाऱ्या वेदनांसाठी ही पद्धती विशेषेकरून वापरतात. तीत वापरली जाणारी द्रव्ये शस्त्रक्रियेसाठी भूल देताना वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकीच असतात. भेद आहे तो मात्रेचा आणि द्रव्य कोणाच्या हातून दिले जाते याचा. भूल दिलेला रुग्ण बेशुद्ध असतो व त्याचा श्वसनमार्ग, नाडी आणि रक्तदाब यांची जबाबदारी भूलतज्ञाकडे असते [⟶ शुद्धिहरण]. अंतःश्वसनी वेदनाशमनात रुग्ण जागा असतो, बोलतो, सूचना पाळतो, खोकू व गिळू शकतो आणि बहुधा औषधाचे साधन त्याच्या स्वतःच्या हाती असते. या फरकामुळे भूलतज्ञ उपलब्ध नसलेल्या ठिकाणीही ही पद्धती वापरणे शक्य होते आणि म्हणूनच ग्रामीण आरोग्यसेवेच्या दृष्टीने तिला महत्त्व आहे.

इतिहास : औषध श्वासावाटे घेण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचे वर्णन असून त्यासाठी औषधी द्रव्यांची वात व धूमनेत्र नावाची नळी यांचा उपयोग सांगितला आहे. डोके जड होणे, डोकेदुखी, कान व डोळे यांतील शूळ ही धूमपानाची काही प्रयोजने होत. तथापि धुरातील द्रव्याची मात्रा मोजण्याचे साधन त्या काळी नसल्याने आधुनिक पद्धतीशी त्याचे साम्य कल्पनेपुरतेच आहे.

आधुनिक पद्धतीचा आरंभ नायट्रस ऑक्साइड या वायूपासून होतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये तो तयार केला. हंफ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला आणि १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, या वायूने शारीरिक वेदना नाहीशी होत असल्याने फारसा रक्तस्राव न होणाऱ्या शस्त्रक्रियांत तो उपयोगी पडेल, असे सुचविले. या सूचनेकडे चार दशकांहून अधिक काळ कोणी लक्ष दिले नाही. वायूचा उपयोग जत्रांतून करमणुकीसाठी होत राहिला. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये दात काढण्यासाठी तो वापरला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी बॉस्टन येथे ईथराच्या साहाय्याने शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याचा यशस्वी जाहीर प्रयोग केला.

प्रसूतिवेदनांसाठी ईथराचा व पाठोपाठ क्लोरोफॉर्माचा उपयोग एडिंबरो येथील जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये केला. प्रसूतीच्या वेदना सोसल्याच पाहिजेत, अशी समजूत तेव्हा प्रबळ होती. सिम्पसन यांना त्याच वर्षी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीच्या वेळी जॉन स्नो यांनी रुमालावर थोडेथोडे क्लोरोफॉर्म टाकून प्रत्येक कळेच्या वेळी ते हुंगविले. राणीची शुद्ध हरपली नव्हती. भूल न देता केवळ वेदना कमी करणे शक्य आहे, हे या घटनेने लोकांपुढे आले. मात्र रुमाल हे मोजमापाचे साधन नव्हे. इंग्लंडमध्ये जानेवारी १८४८ मध्येच, एका किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेल्या पंधरा वर्षांच्या हॅना ग्रीनर या मुलीचा मृत्यू झाला होता. द्रव्य कोणते वापरावे याइतकाच ते किती प्रमाणात व कशातून द्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे तेव्हापासून जाणकारांच्या ध्यानी आले.

भारतात ईथराचा उपयोग १८४७ मध्ये कलकत्ता येथे झाला. ईथराचा उकळबिंदू सु. ३५° से. असल्याने भारतातील उन्हाळ्यात ते साठविणे व बेताने देणे कठीण होते, त्यामानाने सु. ६१° से. उकळबिंदू असलेले क्लोरोफॉर्म सोयीचे ठरले व दीर्घकाळ प्रचारात राहिले. त्याच्या धोक्याविषयीचा महत्त्वाचा वादही भारतातच झाला. त्या वेळी मराठवाडा ज्यात समाविष्ट होता त्या हैदराबाद संस्थानात, रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून टॉमस लॉडर ब्रंटन हे औषधिक्रियाविज्ञानाचे तज्ञ आले होते. क्लोरोफॉर्माने प्रथम श्वसन बंद पडते व हृदय नंतर थांबते, म्हणून श्वसनावर लक्ष ठेवले की पुरे, असा या आयोगांचा निष्कर्ष होता. तो अपुरा असल्याचे पुढे सिद्ध झाले. क्लोरोफॉर्माच्या सौम्य मात्रेतही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये प्रयोगांनी दाखविले. आयोगाच्या काळात हैदराबाद येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ञांपैकी एक मानल्या जातात.

विसाव्या शतकात संशोधकांचे लक्ष साधनांकडे वळले. रशियातील स्टानिस्लाव्ह क्लिकोविच यांनी १८८१ मध्येच ८० टक्के नायट्रस ऑक्साइड व २० टक्के ऑक्सिजन यांचे मिश्रण प्रसूतीत वापरले होते. पण त्यासाठी लागणारी सामग्री घरोघर नेण्यासारखी नव्हती. लिव्हरपूल येथील रॉबर्ट मिनिट यांनी १९३३ मध्ये नायट्रस ऑक्साइड व हवा यांचे मिश्रण देणारे सुटसुटीत यंत्र प्रचारात आणले आणि १९३६ मध्ये ब्रिटनमधील सुईणींना डॉक्टरांच्या अनुपस्थितीतही ते वापरण्याची मान्यता मिळाली. वेदनाशमनाचा अधिकार प्रशिक्षित सुईणीच्या हाती देणारा हा निर्णय फार महत्त्वाचा होता. या यंत्रात एक दोष मात्र होता. हवेत ऑक्सिजन सु. २१ टक्केच असतो. तीत निम्मा नायट्रस ऑक्साइड मिसळला की ऑक्सिजनाचे प्रमाण सु. १० टक्क्यांवर येते. ते माता व गर्भ या दोघांनाही अपुरे पडते. १९५० च्या दशकात ट्रायक्लोरोएथिलिनाचे बाष्प तापमान बदलले तरी ठराविक प्रमाणातच देणारी साधने सुईणींसाठी तयार झाली. १९६१ मध्ये मायकेल टन्स्टॉल यांनी नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे निम्मेनिम्मे मिश्रण एकाच सिलिंडरात भरून वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये ब्रिटनमधील सुईणींसाठी तिला मान्यता मिळाली. एंटोनॉक्स या व्यापारी नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण आज या पद्धतीतील प्रमुख द्रव्य होय.

शरीरक्रिया : मानवी फुप्फुसांत सु. ३० कोटी वायुकोश असून त्यांचे एकूण पृष्ठफळ सु. ७० चौ. मी. भरते. वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त यांमधील पडद्याची जाडी एक मायक्रोमीटरहूनही कमी असते. त्यामुळे श्वासातील वायू क्षणार्धात रक्तात जातो व रक्ताबरोबर मेंदूत पोहोचतो. पोटात घेतलेल्या औषधाप्रमाणे त्यास आतड्यातून शोषले जाण्याची व यकृतातून जाण्याची वाट पाहावी लागत नाही. टोचून देण्याची गरज नसल्याने सुई व तिच्याबरोबर येणारे जंतुसंसर्गाचे भयही टळते.

वायूची रक्तातील विद्राव्यता जितकी कमी, तितका त्याचा परिणाम लवकर सुरू होतो व लवकर ओसरतो. नायट्रस ऑक्साइड रक्तात अत्यल्प विरघळतो. म्हणून हुंगू लागल्यापासून सु. अर्ध्या मिनिटात त्याचा परिणाम जाणवू लागतो, एका मिनिटाच्या आसपास तो पूर्ण होतो आणि हुंगणे थांबविल्यावर काही मिनिटांतच वायू श्वासावाटे शरीराबाहेर पडतो. प्रसूतीत दिल्या जाणाऱ्या पेथिडिनासारख्या औषधाचा अंश वारेतून गर्भात जाऊन नवजात अर्भकाचे श्वसन मंदावू शकते. नायट्रस ऑक्साइड अर्भकाच्या पहिल्या काही श्वासांबरोबरच निघून जातो. हा वायू मध्यमेंदूतील केंद्रांत शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्ये मोकळी करतो. त्यांच्या योगे मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणारे तंत्रिका मार्ग उद्दीपित होतात व वेदनेचे संदेश मेरुरज्जूतच दबतात. वेदना जाणवते, पण ती दूरची वाटते, असे अनेक रुग्ण सांगतात. वेदनेबरोबर भीतीही कमी होते.

साधने : मिश्र वायूचे साधन तीन भागांचे असते : उच्च दाबाखाली वायू साठविणारा सिलिंडर, दाब उतरविणारा नियामक व मागणीनुसार उघडणारी झडप. झडपेस जोडलेला मुखवटा किंवा तोंडात धरावयाची नळी रुग्णाच्या हाती असते. रुग्णाने श्वास आत घेतला की निर्माण होणाऱ्या किंचित ओढीने झडप उघडते. श्वास थांबताच ती मिटते. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला नाही तर ओढ निर्माण होत नाही व वायू येत नाही.

या साध्या रचनेत पद्धतीची सारी सुरक्षितता सामावलेली आहे. गुंगी वाढू लागली की रुग्णाची पकड सैल पडते, मुखवटा चेहऱ्यावरून गळतो, झडप मिटते आणि रुग्ण पुन्हा साधी हवा घेऊ लागतो. अतिमात्रा होण्यापूर्वीच औषध आपोआप बंद होते. त्यामुळे ‘मुखवटा रुग्णाखेरीज अन्य कोणीही धरावयाचा नाही’ हा या पद्धतीतील पहिला व अनुल्लंघनीय नियम आहे. प्रसूतिगृहात बाळंतिणीची आई, सासू किंवा बहीण जवळ असते व तिचे हाल पाहवत नसल्याने ती मायेने मुखवटा तोंडावर दाबून धरण्याचा संभव असतो. अशा वेळी सुरक्षिततेची ही व्यवस्थाच नाहीशी होते. म्हणून परिचारिकेने रुग्णाइतकेच सोबतच्या नातलगांनाही हा नियम आधी समजावून सांगणे आवश्यक असते.

निम्म्यानिम्म्या मिश्रणात ऑक्सिजनाचे प्रमाण हवेतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक असते, हा त्याचा दुसरा गुण. हे मिश्रण तयार होते ते पॉइंटिंग परिणामामुळे : एरव्ही दाबाखाली द्रवरूप होणारा नायट्रस ऑक्साइड उच्च दाबाच्या ऑक्सिजनाच्या सान्निध्यात वायुरूपच राहतो. मात्र सिलिंडर सु. −६° से.खाली गेल्यास मिश्रण फुटते, नायट्रस ऑक्साइड तळाशी द्रवरूपाने साचतो व सिलिंडर संपत येताना रुग्णास जवळजवळ ऑक्सिजनविरहित वायू मिळण्याचा धोका उद्भवतो. थंड प्रदेशांत याकरिता सिलिंडर उबदार खोलीत आडवा ठेवून व वापरापूर्वी उलटसुलट करून घेतात. महाराष्ट्रात हिवाळ्यातील तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असल्याने ही अडचण येत नाही. येथील काळजी उलट उन्हाळ्याची असते. दाबाखालील सिलिंडर उन्हात किंवा पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवणे धोक्याचे असते. शिवाय नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन हे दोन्ही वायू ज्वलनास मदत करणारे असल्याने सिलिंडराच्या जोडांना तेल वा ग्रीज कधीही लावीत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्या साधनांत बाष्पनशील द्रव वापरतात. मिथॉक्सिफ्लुरेन हे याचे मुख्य उदाहरण होय. १९६० मध्ये ते भूल देण्यासाठी प्रचारात आले. पण मोठ्या मात्रेत त्यापासून शरीरात सुटणाऱ्या फ्ल्युओराइडामुळे मूत्रपिंडास इजा होते, असे १९६६ पासून दिसून आले व भुलेसाठी त्याचा वापर मागे पडला. वेदनाशमनासाठी लागणारी मात्रा मात्र फार अल्प असते. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकापासून रुग्णवाहिकांत ते वापरले जात असून २०१५ मध्ये ब्रिटनमध्येही त्यास मान्यता मिळाली. त्याचे साधन म्हणजे शिट्टीच्या आकाराची एक हलकी प्लॅस्टिकची नळी होय. आतील वातीवर ३ मिलि. द्रव ओततात व रुग्ण नळीतून श्वास घेतो. एका मात्रेने सतत हुंगल्यास सु. २५ ते ३० मिनिटे वेदनाशमन होते. एका दिवसात ६ मिलि. व आठवड्यात १५ मिलि. ही कमाल मर्यादा आहे. उच्छ्वासातील बाष्प शोषण्यासाठी नळीस सक्रियित कोळशाची पेटिका जोडतात. यास सिलिंडर, वीज वा नियामक यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते.

मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी औषधे सूक्ष्म तुषारांच्या रूपाने हुंगविण्याचेही प्रयत्न झाले आहेत. तुषारांचा व्यास सु. १ ते ३ मायक्रोमीटर असेल तरच ते वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्याहून मोठे तुषार घशात व श्वासनलिकांत अडकतात. दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या तुषारयंत्राने मॉर्फिनाचा बहुतांश भाग वाया जातो. मात्रेची खात्री देता येत नसल्याने ही पद्धत नित्य व्यवहारात आलेली नाही.

वापर : प्रसूतीत वायूचा लाभ योग्य वेळ साधण्यावर अवलंबून असतो. परिणाम पूर्ण होण्यास पाऊण ते एक मिनिट लागते व कळही साधारण तेवढाच वेळ टिकते. कळ असह्य झाल्यावर हुंगू लागल्यास वायूचा परिणाम कळ ओसरल्यावर होतो व स्त्रीच्या हाती गुंगी तेवढी उरते. म्हणून पोट कडक होऊ लागल्याची पहिली जाणीव होताच, किंवा कळा नियमित असल्यास पुढच्या कळेच्या सु. अर्धा मिनिट आधी, दीर्घ व संथ श्वासाने हुंगू लागावे आणि कळ ओसरताच थांबावे, असे शिकवितात. हे शिक्षण शक्यतो गरोदरपणाच्या तपासणीच्या वेळीच दिल्यास कळांच्या धांदलीत ते आठवते. या पद्धतीने वेदना पूर्णपणे थांबत नाही. काही स्त्रियांना चांगला आराम पडतो, काहींना थोडा, तर काहींना मुळीच पडत नाही. पाठीच्या कण्यातून दिल्या जाणाऱ्या बधिरीकरणाने होणारे वेदनाशमन अधिक परिणामकारक असते. पण त्यास भूलतज्ञ व सतत देखरेख लागते.

धोके व निषेध : मळमळ, चक्कर व तोंडास कोरड हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम होत. नायट्रस ऑक्साइड रक्तात नायट्रोजनापेक्षा सु. ३४ पट अधिक विरघळत असल्याने शरीरातील बंदिस्त पोकळीत तो नायट्रोजन बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी शिरतो व ती पोकळी फुगते. म्हणून छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असणे, आतड्यास अडथळा असणे, डोळ्यात शस्त्रक्रियेने नुकताच वायू भरलेला असणे या स्थितींत, तसेच डोक्यास मार लागून शुद्ध मंदावली असल्यास, तो देत नाहीत. अपघातात छातीस मार लागलेल्या रुग्णाबाबत ही दक्षता विशेष महत्त्वाची असते.

या वायूमुळे ब१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टाचे ऑक्सिडीकरण होऊन ते निष्क्रिय होते. काही तासांच्या वापराने निरोगी व्यक्तीस सहसा अपाय होत नाही. पण वारंवार किंवा दीर्घकाळ वापर झाल्यास रक्तक्षय व मेरुरज्जूचा ऱ्हास होऊन हातापायांस मुंग्या येणे, तोल जाणे अशी लक्षणे उद्भवतात. महाराष्ट्रात केलेल्या पाहण्यांत, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत, या जीवनसत्त्वाची न्यूनता मोठ्या प्रमाणावर आढळली असल्याने येथे हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. हवा न खेळणाऱ्या खोलीत सतत काम करणाऱ्या परिचारिकांच्या श्वासातही हा वायू जातो, म्हणून प्रसूतिकक्षात वायुवीजन चांगले असावे लागते. नायट्रस ऑक्साइड वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकतो व वजनास वजन धरता त्याचा उष्णताधारक परिणाम कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७० पट असतो. त्यामुळे गळती टाळण्याकडे अलीकडे अधिक लक्ष दिले जात आहे.

ग्रामीण परिस्थिती : या पद्धतीची उपयुक्तता व मर्यादा ध्यानात येण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील पवनार या गावाचे उदाहरण घेता येईल. नागपूर-वर्धा मार्गावर धाम नदीकाठी वसलेले हे गाव वर्ध्यापासून सु. ८ ते १० किमी.वर आहे. आचार्य विनोबा भावे यांनी १९३८ मध्ये येथे आश्रम स्थापिला. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे १९४५ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले व १९६९ मध्ये त्यास जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. ग्रामीण भागात स्थापन झालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. म्हणजे पवनारसारख्या गावाजवळ भूलतज्ञ, शस्त्रक्रियागृह व शिक्षण यांची सोय असलेले रुग्णालय आहे. विदर्भातील बहुसंख्य गावांना हे सान्निध्य लाभलेले नाही. परंतु पवनारलाही गावातील वेदनेचा आरंभ व रुग्णालयातील उपचार यांमधील काळ भरून काढावाच लागतो. शेतात पाय मोडलेला मजूर, महामार्गावरील अपघातात सापडलेला प्रवासी, चुलीपाशी भाजलेली स्त्री यांना पहिला अर्धापाऊण तास वेदना सोसत काढावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध असून अंतःश्वसनी वेदनाशमनाचे खरे क्षेत्र रुग्णवाहिकेतील हाच काळ होय. मोडलेला पाय फळीला बांधताना व खडबडीत रस्त्यावरून नेताना होणारी वेदना त्याने आटोक्यात राहते आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत परिणाम ओसरलेला असल्याने तपासणीत अडथळा येत नाही.

विदर्भात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. सिकल सेल या नावाने ओळखला जाणारा दात्रकोशिका रोग या भागातील अनेक समाजांत आनुवंशिक रीत्या आढळतो. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरी भागात प्रथम नोंदला गेला आणि नागपूर भागातील नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उसळतात. लहान मुलांनाही हे झटके पुनःपुन्हा येतात. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ऑक्सिजनयुक्त मिश्र वायूने अशा रुग्णास तात्पुरता दिलासा देता येतो. मात्र झटके वारंवार येत असल्याने प्रत्येक वेळी तासन्‌तास हा वायू दिल्यास ब१२ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेचा धोका प्रत्यक्षात उतरतो. म्हणून रुग्णालयात आल्यावर मॉर्फिनासारखे औषध सुरू करून वायू थांबविणे इष्ट असते. मॉर्फिनाची उपलब्धता १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर दीर्घकाळ दुष्कर झाली होती. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगासाठी देशभर एकसारखे नियम लागू करण्याची तरतूद झाली. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली असून तीत तपासणी व समुपदेशन यांवर भर आहे.

प्रसूतीच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सु. ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. स्त्री रुग्णालयात पोहोचली, परंतु वेदनाशमन तिच्यापर्यंत पोहोचले, असे म्हणता येत नाही. मोठ्या शहरांतील काही प्रसूतिगृहांत मिश्र वायू उपलब्ध असला, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाळंतीण बहुधा सोबतच्या बाईचा हात धरूनच कळा काढते. येथील अडचण प्रामुख्याने पुरवठ्याची आहे. ५०० लि. वायूचा लहान सिलिंडर, दर मिनिटास १० लि. श्वसन धरल्यास, सतत वापराने ५० मिनिटांत संपतो. एकूण वेळेच्या एकतृतीयांश काळ कळा असतात असे मानले तर तो सु. अडीच तास पुरतो. पहिलटकरणीच्या कळा याहून पुष्कळ अधिक काळ चालतात. एका प्रसूतीस एकाहून अधिक सिलिंडर लागल्यास रिकामे सिलिंडर शहरातील भरणा केंद्रात पाठविणे, भरलेले वेळेवर परत येणे आणि झडपांची नियमित तपासणी होणे ही कामे आरोग्य केंद्राच्या नित्यक्रमात बसवावी लागतात. दुसरी गरज प्रशिक्षणाची. ब्रिटनमध्ये १९३६ मध्ये झाला तसा, परिचारिकेस स्वतःच्या जबाबदारीवर हे साधन वापरू देण्याचा निर्णय घेतल्याखेरीज, भूलतज्ञ नसलेल्या केंद्रात त्याचा उपयोग होणार नाही.

वेदना सोसणे हे धैर्याचे लक्षण मानण्याची वृत्ती समाजात रुजलेली आहे व काही व्यक्ती विचारपूर्वक औषध नाकारतात. पवनार येथेच नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग करून १५ तारखेस देह ठेवला. तो त्यांनी स्वतः केलेला निर्णय होता. औषध उपलब्ध नसल्याने सोसावी लागणारी वेदना ही वेगळी गोष्ट आहे. तीत निवड नसते. अंतःश्वसनी वेदनाशमनात साधन रुग्णाच्या हाती असल्याने केव्हा हुंगावे, किती हुंगावे व हुंगावे की नाही, हे प्रत्येक श्वासागणिक तो स्वतः ठरवू शकतो. वैद्यकाच्या दृष्टीने जी सुरक्षिततेची तरतूद आहे, तीच रुग्णाच्या दृष्टीने त्याच्या इच्छेचे रक्षण करणारी तरतूद ठरते. [⟶ प्रसूतिविज्ञान, बधिरीकरण, वेदना].